पहिली-दुसरीचं स्वमूल्यमापन: चेहरे, संचिका की गप्पा?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगती पत्रकात मुलाच्या स्वमूल्यमापनाला जागा दिली आहे. त्यामुळे मूल स्वतःचं शिकणं कसं जोखणार, हे पहिली-दुसरीच्या शिक्षकांनाही ठरवावं लागतं. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर ठेवून सांगते.

हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता सगळ्यात सोपा. लिहिता न येणारं मूलही दोन मिनिटांत चेहरा रंगवतं. पण सहा वर्षांचं लेकरू बहुतेक वेळा हसराच चेहरा निवडतं. त्यात खोटेपणा नसतो. 'खूप मेहनत केली' आणि 'नीट जमलं' यांतला फरक त्या वयात स्पष्ट झालेला नसतो. शिवाय शेजारच्याकडे बघून रंगवणं आलंच. म्हणून 'आज काय आवडलं' एवढ्यापुरता तक्ता ठीक, 'काय येतं' यासाठी तोकडा.

संचिका म्हणजे मुलाच्या कामाचे कागद जपून ठेवलेली फाईल. तिच्यात मुलाच्या हाती पुरावा असतो. दुसरीतल्या मुलाने जुलैत 27 आणि 15 ची बेरीज 312 लिहिली: सात-पाच बारा, दोन-एक तीन, सगळं शेजारी शेजारी मांडलेलं. दिवाळीआधी तेच गणित पुन्हा द्या आणि दोन्ही कागद जवळ ठेवा. "मॅडम, तव्हा मपला हातचा राह्यला" असं ते आपणहून म्हणालं, की स्वमूल्यमापन झालं. यासाठी कागदावर तारीख हवी आणि चुकलेले कागदही जपायला हवेत. भेटीला येणाऱ्या साहेबांसाठी निवडक सुबक कागद लावले, तर संचिका मुलाच्या काहीच कामाची नाही.

बीडकडच्या शाळांसाठी आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर बरीच मुलंही जातात. भिंतीवरचा तक्ता शाळेतच राहतो. पातळशी संचिका मुलाच्या दप्तरातून फडावर जाते. तिथल्या शिक्षकांनाही तिच्यावरून कुठून सुरुवात करायची ते कळतं.

गप्पांना वेळ लागतो, म्हणून रोज तीन-चार मुलंच घ्यावीत. "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग "हो" म्हणतो. "काल अडलं होतं ते आज कसं सुटलं?" असं विचारावं. तांड्यावरचं मूल गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोललं तर बोलू द्यावं.

एकच निवडायचं तर संचिका घ्या आणि तिच्यावरच गप्पा मारा. मात्र मुलाच्या या मताला श्रेणी जोडू नका. रडक्या चेहऱ्याने श्रेणी घसरते हे एकदा कळलं, की अडलेलं मूल अडलं म्हणून सांगणारच नाही.