इंटरसेप्टर ६५०चे नवे सायलेन्सर आणि बेंड पाइपच्या रिंगा: ११ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर माझी रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० मोटरसायकल आडवी झाली आणि उजवा सायलेन्सर मधोमध चेपला. एक बदलायचाच आहे तर दोन्ही बदलू, म्हणून स्टेनलेस स्टीलची हलकी जोडी मागवली. मला आवाज वाढवायचा नव्हता. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला नियमात ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात हे आपण बातम्यांत पाहतोच. त्यामुळे आवाज दाबणारी आतली जाळी वेल्ड केलेली, काढता न येणारी जोडी निवडली. बेंड पाइप, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंत येणारे वाकवलेले पाइप, मूळचेच ठेवले.

तेव्हापासून गाडी ९,००० किलोमीटर चालली. सायलेन्सरबद्दल पुढे लिहितो, कारण माझे पहिले दीड महिने गेले ते दुसऱ्या टोकाला, जिथे बेंड पाइप इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) मिळतो तिथे.

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत जुने क्लँप असे धरले होते की सायलेन्सर सुटेनात. ज्या गॅरेजला काम दिलं त्यांनी बेंड पाइपसकट सगळा संच उतरवला आणि संध्याकाळपर्यंत नवी जोडी बसवून दिली. चार दिवसांनी सकाळी गाडी चालू केली की डावीकडून टिक-टिक ऐकू येऊ लागली. इंजिन तापलं की आवाज कमी व्हायचा. मग एकदा कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरताना थ्रॉटल सोडला की फटाके. ॲव्हरेजही उतरलं. गॅरेजमध्ये दोनदा गेलो, दोन्ही वेळा नट अजून आवळून दिले. आठवड्यात आवाज परत.

हे असं का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. पाइप आणि हेडच्या सांध्यात फट असेल तर तिथून गरम वायू बाहेर येतो, ती टिक-टिक. थ्रॉटल बंद केल्यावर पाइपमधला दाब क्षणोक्षणी बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि त्याच फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. न जळलेलं पेट्रोल तिच्यामुळे पाइपातच पेटतं, ते फटाके. शिवाय पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ही उपरी हवा दिसते, पेट्रोल कमी पडतंय असं त्याला वाटतं आणि ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) विनाकारण पेट्रोल वाढवतो. म्हणजे माझं ॲव्हरेज त्या केसाएवढ्या फटीतून जात होतं.

मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक चाचा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी गाडी चालू करायला लावली, खाली वाकून ऐकलं आणि म्हणाले, "आवळतोस काय नुसतं? आधी बसव. बैठक नसेल तर आवळून स्टड तुटेल, गळती नाय थांबायची." तेव्हाच ठरवलं की हे काम स्वतः करायचं.

आदल्या रात्री स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या ज्या आटेदार दांड्यांवर नट बसतात त्यांच्यावर, गंज सुटायचं तेल मारून ठेवलं. सकाळी इंजिन थोडं कोमट करून नट सोडले. एकदम फिरवायचे नाहीत. थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. स्टड पोलादाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. स्टड मुळाशी तुटला किंवा आटे गेले तर काम मशीन शॉपमध्ये जातं. सेन्सरची वायर आधी काढली, नाहीतर पाइप उतरताना पीळ बसतो.

पाइप उतरला आणि टॉर्च लावून डाव्या पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या धूर बाहेर पडायच्या भोकात, पाहिलं. आत काजळीचं एक काळं कडं दिसलं, ते पोर्टचाच भाग वाटत होतं. वाकवलेल्या तारेनं अलगद ओढलं तर ती जुनी रिंग निघाली! तिच्यावरच नवी रिंग ठेवून पाइप आवळलेला होता. उजवीकडे जुनीच चपटी रिंग परत वापरलेली. पाइप आणि हेडमधली फट बंद करणारी ही रिंग मऊ पत्र्याची असते, आत भरण असतं. ती एकदाच दबते आणि दबताना समोरच्या पृष्ठभागाचा आकार घेते. दुसऱ्यांदा तिच्यात दबायला काही उरत नाही. दोन नव्या रिंगा सुरमईच्या एका थाळीपेक्षा स्वस्तात मिळतात. त्या वाचवण्यात काय अर्थ आहे ते मला अजून कळलेलं नाही.

पोर्टची बैठक रॉकेलच्या फडक्यानं आणि हलक्या हातानं स्वच्छ केली. स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नव्या रिंगेलाही तिथून वाट मिळते. नवी रिंग पोर्टमध्ये टिकत नाही, पाइप लावेपर्यंत खाली पडते, म्हणून तिला तीन ठिकाणी ग्रीसचे बारीक ठिपके लावले. ते पहिल्या तापण्यात जळून जातात. सिलिकॉन लावायचा मोह टाळा, त्यानं सेन्सर खराब होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेंड पाइपचे नट फक्त बोटांनी लावायचे आणि सायलेन्सर, क्लँप, मागचे ब्रॅकेट सगळं ढिलं ठेवून आधी चढवायचं. भाच्यानं मागून सायलेन्सर धरला, मी पुढून पाइप हलवत राहिलो, तेव्हा तो एका जागी 'बसला' हे हाताला कळलं. तिथेच उजव्या ब्रॅकेटचं भोक तीन-चार मिलिमीटर सरकलेलं दिसलं. गॅरेजमध्ये ते बहुतेक ताण देऊन जुळवलं असणार. तसं केलं की सगळा पाइप तिरका ओढला जातो आणि रिंग एका बाजूनंच दबते. मी कानस घेऊन भोक लंबगोल केलं. मग हेडचे दोन्ही नट आळीपाळीनं पाव-पाव फेरा, फ्लँज (पाइपच्या टोकाची, नट बसतात ती पट्टी) आणि हेडमधलं अंतर दोन्हीकडे सारखं आहे ना ते बघत. शेवटी टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा), मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. त्यानंतर क्लँप, आणि ब्रॅकेट सर्वांत शेवटी.

गाडी चालू करण्याआधी एका सायलेन्सरचं तोंड फडक्यानं बंद केलं, दुसऱ्यातून ब्लोअरची थंड हवा सोडली आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. पाइपवरचे बोटांचे ठसे थिनरनं पुसले, नाहीतर ते तापून कायमचे उमटतात. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं, पूर्ण गार होऊ दिलं, नट पुन्हा तपासले. एक नट किंचित फिरला. ३०० किलोमीटरनंतर परत पाहिलं तेव्हा काहीच हललं नव्हतं.

त्यानंतर अख्खा पावसाळा गेला. टिक-टिक नाही, घाटात फटाके नाहीत, ॲव्हरेज पहिल्यासारखं. फ्लँजभोवती काजळीची रेघही नाही, आणि गळती असती तर ती सगळ्यात आधी तिथे दिसली असती.

सायलेन्सरांबद्दल: वजनातला फरक गाडी मागे ढकलताना लगेच जाणवतो. या इंजिनच्या २७० अंशांच्या क्रँकमुळे येणारी ती अडखळती, भरदार धडधड मूळच्यापेक्षा थोडी खोल येते, पण गल्लीत कुणी खिडकी उघडून बघत नाही. नळी अजून चकचकीत आहे. सोबत आलेले स्क्रू आणि क्लँप मात्र जुलैतच तांबूस पडले, ते मी स्टेनलेसचे घेऊन बदलले. ब्रॅकेटच्या भोकाबद्दलही विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं नाही. एवढ्या किमतीत भोक जागेवर असायलाच हवं होतं, आणि कुणाला शिफारस करताना मी हे आधी सांगतो.

चाचांना गाडी दाखवायला नेली. त्यांनी पुन्हा वाकून ऐकलं, फ्लँजजवळ हात धरून पाहिला आणि मान हलवली. दोन नव्या रिंगा हत्यारांच्या डब्यात आणून ठेवल्या आहेत; पाइप पुन्हा कधी उतरला तर त्या दिवशी नेमकं दुकान बंद असायला नको.