तारकर्लीच्या खाऱ्या हवेत डिजिटल टायर गेज

टायरमधल्या हवेचा दाब मोजायचा गेज घेताना दुकानदार आधी लखलखीत आकडा दाखवतो. तुम्ही आधी त्याचं तोंड बघा, म्हणजे व्हॉल्व्हवर बसतं ते टोक. ते नीट बसलं नाही तर फुस्स करून हवा जाते आणि स्क्रीनवर दरवेळी वेगळंच काहीतरी येतं.

आमच्या होमस्टेवर एक वॅगन आर आहे आणि पाहुण्यांसाठी सायकली. जाड टायरच्या गियरवाल्या सायकलींना कारसारखाच व्हॉल्व्ह असतो, तिथे कुठलाही गेज चालतो. भाच्याच्या रोड बाईकचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. त्याची टोकाची नटी आधी सैल करायची आणि पितळेचा छोटा अडॅप्टर लावायचा. राहिली सासऱ्यांची काळी सायकल. तिच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये दाबायला पिनच नाही, आतली वॉलट्यूब, म्हणजे रबरी नळी, हवा बाहेर सोडत नाही, त्यामुळे पाच हजारांचा गेज आणलात तरी शून्यच दिसणार. तिथे अंगठाच खरा. ऑनलाइन जाहिरातीत ‘सर्व सायकलींसाठी’ लिहिलेलं असतं, त्यात ही धरलेली नसते.

मी ठेवलाय तो पिस्तुलाच्या आकाराचा, पाचशेच्या आतला, १५० पीएसआयपर्यंत (हे दाबाचं एकक) मोजणारा. कारला ३०-३५ पुरतात, पण रोड बाईकचा बारीक टायर ऐंशी-शंभरपर्यंत जातो. म्हणून ६० ला संपणारा गेज घेऊ नका. दशांश दिसतो म्हणून आकडा अचूक असतोच असं नाही. एकाच चाकावर लागोपाठ तीनदा लावून बघा. फरक अर्ध्या पीएसआयच्या आत राहिला तर घ्या. बारीक टायरला मात्र ही परीक्षा नको. आत हवाच थोडी, दरवेळी लावता-काढता ती कमी होते.

बटण चुकून दाबलं गेलं की एकक बदलतं. आमच्या ह्यांनी २.२ बघून ‘टायर बसलाय’ म्हणून आरडाओरडा केला होता. तो आकडा ‘बार’ या दुसऱ्या एककातला होता, म्हणजे जवळपास ३२ पीएसआय. व्यवस्थित होतं सगळं.

आता आमच्याकडचा खरा शत्रू, खारी हवा. समुद्र इतका जवळ की पितळ हिरवं पडतं आणि सेलच्या पट्ट्यांना गंज चढतो. त्यामुळे सेल बदलता न येणारा बंद डब्बा इथे घेऊच नये. माझ्या गेजला सीआर २०३२ हा चपटा गोल सेल लागतो, बऱ्याच गाड्यांच्या रिमोटमध्ये असतो तोच, मालवणात घड्याळवाल्याकडे मिळतो. पावसाळ्यात वापर नसला की सेल काढून ठेवते आणि गेज झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीतल्या सिलिकाच्या पुडीसोबत.

हवा सकाळी, गाडी उभी असताना बघायची. करूळ किंवा आंबोली घाट उतरून आलेल्या पाहुण्यांचे टायर तापलेले असतात, आकडा तीन-चार पीएसआयने वर दिसतो. तेव्हा हवा सोडली तर सकाळी टायर कमी भरतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, तेवढी भरायची नसते. गणपतीनंतर डिकीत नारळ-तांदूळ भरून मुंबईला निघणाऱ्या चाकरमान्यांनी स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा बघावा, आणि स्टेपनीही तपासावी.

गॅरेजवाल्याचं मत वेगळं. ‘वयनी, हवा बघूक मशीन कित्याक होया? लाथ मारली की कळता.’ ट्यूबलेस टायर २४ वर आला तरी वरून ठीकच दिसतो, हे त्याला सांगून उपयोग नाही.

हवा सोडायचं बटण असलेला गेज मिळाला तर पन्नासेक रुपये जास्त द्या. पाहुण्यांना पुळणीवर सायकल चालवायची असते, आणि टायर थोडा मऊ केला की चाक रुतत नाही. परत डांबरावर येताना मात्र भरायलाच हवा, नाहीतर जांभ्याच्या कडेवर आपटून रिम ट्यूबला चावते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

काच फोडायचा हातोडा, पट्टा कापायची सुरी, टॉर्च असं सगळं जोडलेलाही एक गेज वापरून पाहिला. जड, आणि टोक धड बसत नाही. तो आता स्वयंपाकघरात आहे, लाइट गेल्यावर टॉर्चसाठी.