मेडिकल कॉलेजात माइंडफुलनेस आणायचंय, पण नेमका कुठला कोर्स?

वरून आदेश आला की "काहीतरी माइंडफुलनेसचं चालू करा" आणि ते काम तुमच्या गळ्यात पडलं, तर आधी हे लक्षात घ्या की माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव, या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि माहितीपत्रक वाचून त्यातला फरक अजिबात कळत नाही. सगळीकडे तेच, ताण कमी, एकाग्रता जास्त. म्हणून कोर्स बघायच्या आधी दोन गोष्टी ठरवा: समोर कोण बसणार, आणि त्यांचा वेळ कुठून काढणार. दुसऱ्यावरच घोडं अडतं.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेला म्हणजे एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, म्हणजे माइंडफुलनेसनं ताण कमी करायचा कोर्स). १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केला, आणि तो मुळात डॉक्टरांसाठी नव्हताच, जुनाट दुखणी आणि ताण घेऊन जगणाऱ्या पेशंटसाठी होता. आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण अडीच तास, मध्ये एक पूर्ण दिवस, शिवाय घरी रोज ४५ मिनिटांचा सराव. चौकट पक्की आहे, शिकवणारे तयार मिळतात, हे मोठे फायदे. पण नाईट करून आलेल्या रेसिडेंटला (पदव्युत्तर शिकत वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरला) घरी जाऊन ४५ मिनिटं बस म्हणायचं म्हणजे तो डोळे मिटल्यावर झोपणारच, आणि झोपला तर बरंच झालं म्हणायचं. दुसरं म्हणजे यात वॉर्डातलं काहीच येत नाही, मनुका हातात घेऊन तिच्याकडे निरखून बघायचा सराव सुंदर आहे पण वाईट बातमी सांगायला नातेवाईकांसमोर उभं राहिल्यावर तो कसा वापरायचा हे ज्याचं त्यानं शोधायचं.

विद्यार्थ्यांसाठी याचीच आखूड आवृत्ती चालते. नॉर्वेत ओस्लो आणि ट्रोम्सोच्या २८८ मेडिकल आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर सात आठवड्यांचा कोर्स चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासला, २०१३ मध्ये निकाल छापून आले. मानसिक त्रास कमी झाला, पण ठळक फरक फक्त मुलींमध्ये दिसला, आणि जे जास्त हजर राहिले, ज्यांनी जास्त सराव केला त्यांना जास्त फायदा. म्हणजे हजेरीसाठी येऊन मागच्या बाकावर मोबाईल बघणाऱ्यांकडून फार अपेक्षा नको.

मग सक्तीचा करावा का? ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठानं क्रेग हॅसेड यांच्या पुढाकारानं माइंडफुलनेस पहिल्या वर्षाच्या मेडिकल अभ्यासक्रमातच घातलं, सोबत व्यायाम, आहार, झोप असं सगळं. मला हे आवडतं, कारण ऐच्छिक ठेवलं की ज्यांना आधीच आवड आहे तेच येतात. फक्त माहिती सक्तीची ठेवा, डोळे मिटून बसणं नको, कारण जबरदस्तीनं बसवलेला वर्ग पाट्याच टाकतो, आणि एखाद्याला जुना आघात असेल तर शांत बसल्यावर त्याला बरं वाटण्याऐवजी जास्त त्रास होऊ शकतो, त्याला डोळे उघडे ठेवायची किंवा उठून जायची मुभा पाहिजे.

आता माझा कल जिकडे आहे तो प्रकार, अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या रोनाल्ड एपस्टाईन आणि मायकेल क्रॅसनर यांचा माइंडफुल प्रॅक्टिस. इथे ध्यान आहेच, पण त्याच्या जोडीला डॉक्टर आपल्याच केसेस सांगतात. जोड्या पाडतात, एक जण सांगतो, समजा हाताबाहेर गेलेल्या पेशंटबद्दल किंवा स्वतःच्या चुकीबद्दल, आणि दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं पण डॉक्टरला सल्ला न देता बसवणं म्हणजे शिक्षाच, दोन मिनिटांत "मग सीटी केला का?" असं तोंडातून निघतंच, आणि आपण पेशंटलाही असंच मध्येच तोडतो हे तिथे समजतं. २००९ मध्ये ७० डॉक्टरांवरचा त्यांचा अभ्यास छापून आला: आठ आठवडे जोरात आणि मग दहा महिने महिन्याला एक बैठक, बर्नआउट (कामानं पार थकून त्यातून मन उडणं) कमी आणि सहानुभूती जास्त. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण ते दहा महिने मला महत्त्वाचे वाटतात, कारण बाकी बहुतेक कोर्स संपले की संपले. अडचण अशी की हे चालवायला अनुभवी माणूस लागतो, नाहीतर ते रडण्याचं किंवा गॉसिपचं सत्र होतं.

विभागप्रमुख, डीन, प्रशासनातली मंडळी यांच्यासाठी दोन दिवसांचे लीडरशिप कोर्स असतात, २००७ मध्ये गूगलमध्ये सुरू झालेला सर्च इनसाइड युवरसेल्फ हा त्यातला सगळ्यात माहितीतला. वेळ कमी लागतो आणि भाषा मॅनेजमेंटची असल्यामुळे नाक मुरडणारे सिनियरही येऊन बसतात. पण दोन दिवसांत सवय लागत नाही, पुढे पाठपुरावा ठेवला नाही तर सर्टिफिकेटच राहतं.

आणि प्रमुखांच्या कोर्समध्ये एक गोष्ट बोललीच पाहिजे, ती म्हणजे ड्यूटी लिस्ट. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचा २०१७ चा एकत्रित आढावा आहे, त्यात ड्यूटीचे तास, कामाची रचना असे संस्थेनं केलेले बदल हे एकेका डॉक्टरला दिलेल्या ट्रेनिंगपेक्षा जास्त परिणामकारक ठरले. सलग ३० तास उभं करायचं आणि वर श्वासाकडे लक्ष दे म्हणायचं, यावर रेसिडेंट हसले तर त्यांची चूक नाही.

अ‍ॅप? पूरक म्हणून ठीक, कोर्स म्हणून नको.

तर पहिल्या वर्षाला मोनाशच्या धर्तीवर, रेसिडेंट आणि फॅकल्टीला रोचेस्टरच्या धर्तीवर आणि तेही ड्यूटीच्या वेळेतच, प्रमुखांना दोन दिवसांचं अधिक वर्षभर महिन्याला एक बैठक. एवढं बजेट नसेल तर फॅकल्टीपासून सुरुवात करा, कारण राउंडवर इंटर्नवर खेकसणारे सर तसेच राहिले तर पोरांना शिकवलेलं आठवडाभरही टिकत नाही. आणि वेळच नसेल तर निदान हँडरब (हाताला लावायचं सॅनिटायझर) चोळायला जे २०-३० सेकंद लागतात तेवढे पुढच्या बेडकडे जायच्या आधी गप्प राहून घालवायला शिकवा, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.