दामिनी अ‍ॅप आणि वॉटर पार्कच्या तीन सहली : सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) तालुक्यात. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, विहिरी तळाला गेलेल्या आणि लेकरांची एकच रट, वॉटर पार्कला चला. त्यामुळे दर उन्हाळ्यात नागपूरकडे एखादी तरी सहल होतेच. यंदा तीन झाल्या: एप्रिलमध्ये माहेरची भाचरं, मे अखेरीस आमचा बचत गट आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात लग्नाला थांबलेले पाहुणे. मार्चमध्ये तलाठी भाऊंनी ग्रामसभेत सगळ्यांच्या मोबाईलमध्ये वीज कुठे पडतेय ते दाखवणारं दामिनी अ‍ॅप टाकून दिलं होतं. तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत मी ते सहलीत वापरलं, वावरातही वापरलं. उन्हाळ्यात लेकरं घेऊन पार्कला जाणाऱ्यांच्या कामी यावं म्हणून लिहिते.

मला विजेची एवढी काळजी का, ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी चुलत जाऊ सोयाबीन निंदताना धुऱ्यावरच्या निंबाखाली जाऊन उभी राहिली. पाऊस धड सुरूही झाला नव्हता, अर्ध्या आभाळात ऊन होतं. ती परत आली नाही. २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, असं सरकारी नोंद सांगते. पूर्वी असा आकडा पेपरात वाचून मी पान उलटायची. आता तसं होत नाही.

अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं आहे आणि फुकट आहे. देशभर बसवलेली यंत्रं विजेच्या लहरी पकडतात. एकच लहर वेगवेगळ्या ठिकाणी किती फरकानं पोचली त्यावरून वीज कुठे पडली ते निघतं. आपण जिथे उभे असू तिथून २० आणि ४० किलोमीटरची दोन वर्तुळं नकाशावर दिसतात आणि पडलेल्या विजांचे ठिपके उमटतात. किती मिनिटांपूर्वी पडली ते ठिपक्याच्या रंगावरून कळतं. ठिपके आपल्याकडे सरकताहेत की दूर जाताहेत, हे बघायला मला महिनाभर लागला. पण खरा उपयोग त्यातच आहे. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "इज काय मोबाईलले इचारून पडते काय?" त्यांचंही चूक नाही. जो ढग थेट आपल्याच डोक्यावर तयार होतो, त्याची पहिली वीज पडेपर्यंत नकाशावर ठिपका येणार कुठून? म्हणून आभाळाकडे बघणं मी सोडलेलं नाही.

आता मेमधली सहल. मिनी बस ठरवली होती, आम्ही नऊ बाया आणि सतरा लेकरं. आदल्या रात्री नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा पाहिला, जिल्ह्याला यलो होता, म्हणजे सावध राहा; ऑरेंज त्याच्या वरचा. मे-जूनमध्ये यलो इतक्यांदा असतो की तेवढ्यावर सहल मोडली तर उन्हाळाभर घरीच बसावं लागेल. माझा हिशोब असा की यलो असेल तर सकाळी लवकर निघायचं, ऑरेंज असेल तर दिवस बदलायचा. त्या दिवशी निघायलाच उशीर झाला आणि पार्कात शिरेपर्यंत साडेअकरा वाजले. इथेच चुकलं. आपल्याकडे दुपारभर जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा वर चढते आणि तीन-चारच्या सुमारास ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणजे लेकरांना पाण्यात खरी मजा येऊ लागते, नेमकी तीच वेळ.

पार्कात शिरल्या शिरल्या सगळ्यांचे मोबाईल लॉकरमध्ये गेले. एप्रिलच्या सहलीत माझाही गेला होता, आणि संध्याकाळी काढला तेव्हा त्यावर दोन सूचना येऊन पडलेल्या. कुलपात बंद मोबाईलवर आलेली सूचना काय कामाची? म्हणून या वेळी ठरवलं की एक बाई पाण्याबाहेर बसेल, मोबाईल हातात घेऊन, तासातासानं पाळी बदलेल. आणि तिनं "बाहेर या" म्हटलं की कुणी वाद घालायचा नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची, कारण उघड्या आभाळाखाली हसणाऱ्या पोरांना बाहेर काढायला जीभ रेटत नाही.

तीन चाळीसला माझी पाळी होती. वेव्ह पूलच्या काठावर बसले होते. वायव्येकडे ४० च्या वर्तुळात ठिपके दिसत होते, पाच मिनिटांत ते २० च्या आत आले. डोक्यावर लख्ख ऊन. फक्त वारा बदलला, मातीचा वास आला आणि काठावरच्या रिकाम्या चिप्सच्या पुड्या एका दिशेनं सरपटायला लागल्या. मी तिथल्या शिटीवाल्या पोराला मोबाईल दाखवला. तो म्हणाला, "ताई, पाऊस आला का बंद करतो जी, आता काही नाही." वीस-बावीस वर्षांचं पोरगं, त्याला जेवढं शिकवलं तेवढंच ते सांगणार. पण पाऊस आल्यावर पाणी बंद करणं म्हणजे उशीरच, कारण वीज पावसाच्या कितीतरी पुढे येऊन पडते. ढग दहा-पंधरा किलोमीटर लांब असला तरी पडू शकते. पाण्यात करंट पसरतो, आणि पाण्याबाहेर डोकं काढलेला माणूसच तिथे सगळ्यांत उंच.

आम्ही सतरा लेकरं मोजून बाहेर काढली. माझा धाकटा रडकुंडीला आला, "आई, पैसे देले ना आपण!" बरेच लोक रेन डान्सच्या पत्र्याखाली जमले होते. चार पाइपांवरचा उघडा पत्रा पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. आम्ही ओल्या कपड्यांनीच मिनी बसमध्ये बसलो, काचा वर केल्या आणि लोखंडाला हात लावू नका म्हणून बजावलं. टायर रबरी असतात म्हणून गाडीत वाचतो असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. ते तसं नाही. गाडीचा लोखंडी डबा करंट आपल्या अंगावरून न जाऊ देता बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतो.

लेकरांची भीती जावी म्हणून मी मोजायला लावलं: चमकलं की मोजा, गडगडलं की थांबा, तीनानं भागा, तेवढे किलोमीटर. पहिल्यांदा अठरा आले. मग अकरा. मग सात. मग बसमध्ये कुणी बोलेना, आणि "तीन" म्हणेपर्यंत असा कडकडाट झाला की समोरची काच थरथरली. पाठोपाठ गारा. पूल रिकामा करायची शिटी त्यानंतर वाजली.

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही, हा नियम आम्ही पाळला, तोवर पार्क बंद व्हायची वेळ झाली. पैशांचं विचाराल तर तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की हवामानामुळे पैसे परत नाहीत. पाहुण्यांना घेऊन ज्या दुसऱ्या पार्कात गेलो तिथे अशा वेळी दुसऱ्या दिवसाचं तिकीट देतात, हे मी फोनवर आधीच विचारून घेतलं होतं. तिकीट काढण्याआधी हे विचाराच. वीज आली तर लोकांना कुठे बसवता, हेही विचारा. पक्क्या स्लॅबची इमारत दाखवली तर ठीक, फक्त तिथे नळ आणि पाइपांपासून दूर बसायचं.

माझा भाचा अमेरिकेत ऑर्लँडोला आहे, तिथे मोठमोठे थीम पार्क आहेत. फ्लोरिडाच्या दोन्ही बाजूंना समुद्र, दोन्हीकडचे वारे मधे भिडतात आणि उन्हाळ्यात जवळपास रोज दुपारी गडगडाट होतो. तो सांगतो, वीज जवळ आली की उघड्यावरचे पाळणे आणि पाण्याच्या राइड पाऊस नसतानाही बंद होतात आणि लोक कुरकुर न करता आत जाऊन बसतात. हे आपल्याकडेही व्हायला हवं, त्याला काही मोठा खर्च लागत नाही.

अ‍ॅपच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी जपाव्या लागतात. लोकेशन कायम चालू ठेवा. मोबाईलचा बॅटरी सेव्हर सूचना अडवतो, माझ्या स्वस्त फोनवर मे महिनाभर तेच होत होतं. सेटिंगमध्ये जाऊन दामिनीला सूट दिल्यावर सूचना वेळेवर येऊ लागल्या. वादळात लाइट गेली की थोड्या वेळानं गावचा टॉवरही बसतो, मग हातात उरतो तो फक्त आपला कान. ४० किलोमीटरचं वर्तुळ मोठं असतं, त्यामुळे बऱ्याच सूचनांनंतर आपल्या गावावर काहीच येत नाही. घरच्यांनी दोन-चारदा "पाहा, उगाच घाबरवलं" म्हटलं. म्हणू द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये निंदणाला जाताना मोबाईल पॉलिथिनमध्ये गुंडाळून कमरेला बांधला. तीनदा काम टाकून गोठ्याऐवजी घर गाठलं. एकदा वावराच्या मधोमधच अडकलो, तेव्हा झाडाकडे पळालो नाही. एकमेकींपासून लांब, पाय जुळवून उकिडव्या बसलो. आणखी एक गोष्ट गावात अजून पुष्कळांना माहीत नाही, की वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. हात लावायला भिऊ नका, श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला घ्या आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

पुढच्या एप्रिलच्या सहलीची नावं गटाच्या वहीत लिहायला सुरुवात झाली आहे. सकाळी सहाला निघायचं, दोनच्या आत पाण्याबाहेर. पाण्याबाहेर बसायच्या पाळ्यांसाठी शेवटचं पान ठेवलंय, आणि पहिल्या तासाला या वेळी सासूबाईंनी स्वतःहून नाव दिलंय.