बॅरलमधून डिझेल काढायचा पंप: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. जनरेटर आणि फोर्कलिफ्टला डिझेल बॅरलमधूनच भरतो. तोंडाने नळी ओढायचा प्रकार बंद करायचा म्हणून होळीच्या आधी 230 व्होल्टचा व्हेन पंप (फिरत्या पात्यांचा) घेतला. सेटमध्ये सक्शन पाइप, होज, ऑटो-कट नोझल आणि मीटर. आता दिवाळी आली, तेव्हा लिहितो.

पंप दणकट आहे. खोक्यावर मिनिटाला 60 लिटर छापलंय, मीटर-नोझल लावल्यावर पन्नासच्या आतबाहेर मिळतं. चालतं. नोझल बंद असताना डिझेल बायपासमधून आतल्या आत फिरतं, पण ते दोन-तीन मिनिटांपुरतंच. पुढे पंप तापतो.

खरं कौतुक नोझलचं. तोटीच्या टोकाला बारीक भोक असतं. वाहत्या डिझेलमुळे आत जी ओढ तयार होते, ती या भोकातून हवा खेचत राहते. टाकी भरून भोक बुडालं की हवा तुटते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. मात्र प्रवाहाला जोर हवा. भर पावसाळ्यात फोर्कलिफ्टची टाकी भरून वाहिली तरी खटका पडेना. पोरगा म्हणाला, "शेठ, नोझल गेलं." फूट व्हॉल्व्हची (सक्शन पाइपच्या तळाच्या झडपेची) जाळी काढली तर तिच्यावर गंज आणि काळा बुळबुळीत थर! ती धुतल्यावर नोझल पुन्हा शहाण्यासारखं वागू लागलं.

तो थर पाण्याचा प्रताप. उभ्या बॅरलवर पाऊस साचतो आणि रात्री बॅरल गार झाला की बुचाच्या आट्यांतून पाणी आत ओढलं जातं. आता बॅरल शेडमध्ये आहे, सक्शन पाइपही तळापासून चार बोटं वर ठेवलाय.

मीटरवर मात्र मी नाराज. पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या मापाला 25 मिलिलिटरचा फरक चालतो. आमचा मीटर त्याच मापावर शंभरच्या घरात चुकत होता. स्क्रू फिरवून आणला जागेवर, तरी बॅरल संपत आला की हवाही डिझेल म्हणून मोजतो. घरच्या हिशेबाला ठीक.

अर्थिंगची वायर सेटमध्ये नाही, याचा राग येतो. बीएस-6 डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान 35 अंश, आणि आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली पारा त्याच्या बराच वर. शेजारचे काका कोयलीच्या रिफायनरीत कंत्राटावर होते. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून त्यांनीच बॅरल, पंप आणि गाडीची टाकी तांब्याच्या वायरने जोडून घेतली, त्याशिवाय बटणाला हात लावू देईनात. पेट्रोलला हा पंप अजिबात लावू नका, मोटर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही अशी) नाही.

विनापरवाना साठा 2500 लिटरपर्यंत चालतो, आमचे दोन बॅरल त्यात आरामात बसतात.

पुन्हा घ्यायचा झाला तर पंप आणि नोझल हेच, मीटर वेगळा. आणि सील किट (पंपाच्या सुट्या सीलचा संच) आधीच मागवून ठेवीन. दुकानदार "उद्याच येईल" म्हणत महिना घालवतो.