कुमठेकर रस्त्यावरची लॅब: आईची हिपॅटायटिस सी तपासणी

१९९४ साली ऑपरेशनच्या वेळी आईला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. तेव्हा रक्तपेढ्यांना हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती. आता या लॅबमध्ये अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह आली आणि आई रडायलाच लागली. काउंटरवरच्या ताईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "काकू, विषाणू येऊन गेलेलाही असू शकतो. आरएनए तपासू, म्हणजे विषाणू अजून रक्तात आहे का ते कळेल, मग ठरवू." जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा आजार होता, बहुतेकांना पत्ताच नसतो. सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात, साधारण १२ आठवड्यांचा कोर्स, हेही त्यांनीच सांगितलं. रिपोर्ट एक दिवस उशिरा आला, लॅबचा जिनाही फार उभा आहे. तरी बाबांनाही तिथेच नेणार.