जपानच्या मेइजी काळातली (१८६८–१९१२) म्हणून जस्ताची धूपदाणी गळ्यात मारली

तोक्योत आठ वर्षं राहतोय, जपानी वाचता येतं, तरी क्योतोतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने मला १,८५,००० येनला गंडवलं. रोख. पगारातून दीड वर्ष बाजूला टाकलेले पैसे होते ते.

धूपदाणी देखणी होती. तीन पाय, पोटावर उठावाचा ड्रॅगन, झाकणावर पंजाखाली चेंडू दाबलेला सिंह. कासं म्हणून सांगितले २,४०,०००. १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारी सजवणारे कारागीर अशा वस्तूंकडे वळले, हे त्याने रंगवून सांगितलं. ते खरंच आहे, म्हणून तर भुललो.

उलटी करून पाहिली, तर एका पायाखाली नखाएवढा ओरखडा. पांढरट, चंदेरी. कासं खरवडलं की आत लालसर-पिवळं दिसतं, हे मला ठाऊक होतं! विचारलंसुद्धा. म्हणाला, "शिबुइची आहे, तांब्यात चांदी." असा मिश्रधातू असतो, मी वाचलं होतं, मान डोलावली. अरे, शिबुइची म्हणजेच चौथा हिस्सा! चार किलोच्या भांड्यात किलोभर चांदी आली असती, आणि हा वर ५५,००० सोडतोय? तिथेच खाली ठेवून निघायला हवं होतं. तो ओरखडा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. वर त्याने लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही. जस्तालाही चिकटत नाही, लक्षात ठेवा.

घरी धूप लावला तेव्हा कळलं, सिंहाचं तोंड बंद. झाकणाची नक्षीही आरपार नाही. धूर जाणार कुठून? दुकानातच झाकण उजेडासमोर धरून बघा. जाणकाराने ११,००० घेऊन सांगितलं: जस्त, वर रंग, कारागिराची सही साच्यातून आलेली. छिन्नीने कोरलेल्या सहीच्या कडा बोटाला लागतात.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रार केंद्रात चाळीस मिनिटं बसवून म्हणाले, दुकानात स्वतः जाऊन घेतलीत, कूलिंग-ऑफ, म्हणजे ठरावीक दिवसांत खरेदी रद्द करायची सोय, लागू नाही. पुन्हा पोलिसांकडे गेलो, तर पावती मागितली. पावतीवर फक्त "धूपदाणी". काळ नाही, धातू नाही. मग फसवणूक सिद्ध कशी करणार, असं मलाच विचारतात! जुन्या वस्तू विकायचा परवाना मिळतो तुमच्या ठाण्यातून, आणि पुरावा आणायचा मी? पावतीवर धातू आणि काळ लिहून घेतल्याशिवाय एक येन देऊ नका.

आता दुकानदार म्हणतो, परत आणा, २०,००० देतो. नेलेली नाही. वकिलाची वेळ मिळाली आहे, तेव्हा धूपदाणी सोबत नेणार आहे.